नळीतला उजेड

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी मोगऱ्याच्या रोपांच्या पिशव्या भरत होते. हात चिखलाने माखलेले, म्हणून करंगळीने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकून खताच्या गोणीवर ठेवला. "काकी, पप्पा गेले," ती म्हणाली. "लिफ्टच्या खड्ड्यात पडले." आणि मी त्या पोरीवर ओरडले. "लिफ्टमध्ये खड्डा कुठून आला? काय बोलतेयस तू?" बाप गेलेल्या मुलीशी असं बोलतात का? पण मी बोलले. ती बिचारी परत पहिल्यापासून सांगत राहिली. डोंबिवलीला जुन्या मित्राकडे गेलेले, निघताना लिफ्टचं बाहेरचं दार उघडलं, पण लिफ्ट आलेलीच नव्हती... मी ऐकत होते आणि हात पिशवीत माती भरत होते. फोन बंद झाल्यावरही भरतच राहिले. सासूबाई ओट्यावरून विचारत होत्या, "कोनाचा फोन गो?" 

प्रज्ञाच्या पप्पांना, प्रभाकर सरांना, जाऊन आता काही आठवडे झाले. राहायला ते ठाण्यात, कोपरीला. डोंबिवलीच्या एका शाळेतून पीटीचे सर म्हणून निवृत्त झालेले. माझा नवरा हरेश आणि ते तरुणपणी एकाच संघातून कबड्डी खेळले, आणि गुडघे गेल्यावरही मैत्री टिकली. सर पुढे नेमबाजीकडे वळले. हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या स्पर्धांत त्यांनी कप मिळवले होते आणि ते कप बघितल्याशिवाय त्यांच्या घरातून कोणा पाहुण्याची सुटका नसे. माणूस बोलका, खवय्या, जरासा बढाईखोर. पण एका बाबतीत भयंकर काटेकोर. बघितल्याशिवाय कशावर भरवसा ठेवायचा नाही. बूट घालण्याआधी उलटा करून आपटणार. रिक्षात बसण्याआधी सीट चाचपणार. आमच्याकडे चहा ओतायच्या आधी रिकामा कप उजेडात धरून तळ बघणार आणि सासूबाईंच्या शिव्या खाणार. असा माणूस समोर लिफ्ट आहे की नाही हे न बघता पाऊल टाकतो? हे लिहिताना सुद्धा मला राग येतोय, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आमचं घर कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या रस्त्यापासून आत आहे. शेती हळूहळू गेली, आजूबाजूला टॉवर आले, उरलेल्या तुकड्यावर हरेशने आणि मी नर्सरी काढली. मग हरेश आजारी पडला, गेला, आणि त्या घरात आम्ही दोघी उरलो, मी आणि सासूबाई. एका सकाळी उठून बघतो तर मागच्या खिडकीची जाळी कापलेली, विहिरीवरची मोटर गायब आणि कुत्रा गोठ्याशी मरून पडलेला. आत कोणी शिरलं नव्हतं. पण शिरता आलं असतं, एवढं कळलं ते पुरेसं होतं. सासूबाई उशाशी कोयता घेऊन झोपायला लागल्या आणि माझी तर झोपच गेली. धाकटे दीर, नरेशभाऊजी, डोंबिवलीला राहतात. ते म्हणाले, "वहिनी, विकून टाकू. आमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघतो. सातवा माळा आहे, पण लिफ्ट आहे ना. आईला काय त्रास नाय." त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण सासूबाईंना त्या ओट्यावरून उठवून सातव्या माळ्यावर नेऊन बसवायचं, हे मला डोळ्यांसमोर आणताच येईना. आणि मला तरी नर्सरीशिवाय दुसरं काय येतं? घर सोडायचं नसेल तर भीती गेली पाहिजे, इतकं ते सरळ होतं. मी भाऊजींना सांगून टाकलं, मी बंदूक घेते. सासऱ्यांकडे पीकराखणीची बंदूक होती, त्यामुळे घरात कोणाला फारसं नवल वाटलं नाही. परवान्यासाठी चकरा मारल्या, साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. परवाना हातात आला तेव्हा लक्षात आलं की बंदूक कोणती घ्यायची हेच आपल्याला ठाऊक नाही.

सल्ला द्यायला मात्र सगळे तयार. भाऊजींचं म्हणणं, पिक्चरमध्ये असते तशी घ्या, खटॅक करून पुढेमागे ओढायची, त्या आवाजानेच चोर पळेल. कोणी म्हणालं हलकी घ्या, बाईमाणसाला हलकी बरी. शेवटी मी सरांना फोन लावला. ते रविवारी आले, आधी सासूबाईंच्या हातचं बोंबलाचं कालवण आणि भाकरी मनसोक्त जेवले, आणि मग बंदुकीचं नावही न काढता घरभर फिरायला लागले. भिंतींवर टकटक करून बघत होते. "आई कुठे झोपतात?" मी दाखवलं. "तुम्ही?" तेही दाखवलं. दोन खोल्यांच्या मधलं पार्टिशन त्यांनी बोटाने वाजवलं आणि माझ्याकडे वळले. "हे प्लायवूड आहे, वहिनी. छर्रे याला जुमानत नाहीत. तुम्ही चोरावर झाडाल आणि पलीकडे आई झोपलेल्या असतील." चोराचा विचार मी हजारदा केला होता, पार्टिशनचा एकदाही नाही. मग त्यांनी सांगितलं, आधी खिडकीला चांगलं जाड ग्रिल, मग मागच्या बाजूला दिवा, मग एकाऐवजी दोन कुत्रे, आणि आईंची खाट या कोपऱ्यात. "एवढं करून जी भीती उरेल ना, तेवढ्यापुरतीच बंदूक घ्यायची."

आणि मग ते सासूबाईंना म्हणाले, "आई, मुसळ आहे का घरात?" आमच्याकडे लग्नाच्या हळदीला लागतं म्हणून एक जुनं मुसळ ठेवलेलं आहे. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. डोळे मिटा, खांद्याला लावा, आता डोळे उघडा, टोक कुठे रोखलंय बघा. मी बघितलं तर टोक सरळ माळ्यावरच्या पाण्याच्या पिंपावर. सासूबाई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या. "आता ही मुसळानं चोर कांडनार!" पण सर हसले नाहीत. पुन्हा, म्हणाले. दुपारभर त्यांनी मला मुसळ उचलायला लावलं. कारण सांगितलं ते असं की घाबरलेला माणूस नेम धरत नाही, तो नुसती उचलतो, आणि उचलल्यावर जी आपोआप बघतोय तिथे रोखली जाते तीच आपल्या मापाची बंदूक. बाकी सगळं दुकानदाराचं बोलणं.

दुकान ठाण्याला, खोपटच्या डेपोच्या मागच्या बाजूला. जायच्या आदल्या दिवशी सरांचा फोन. "वहिनी, घरात अंगावर काय असतं तुमच्या?" मी जरा चाचरतच सांगितलं, गाऊन. "मग गाऊन घेऊन या. चोर काही तुम्ही पैठणी नेसायची वाट बघणार नाही." आणि खरोखरच त्या दुकानात मी साडीवरून गाऊन चढवला आणि उभी राहिले. दुकानदाराने असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नसेल. सर एकेक बंदूक हातात देत होते. डोळे मिटा, उचला, उघडा, काय दिसतंय? टोकावरचा मणी तेवढा दिसला तर बरोबर. नळीची सगळी पाठ दिसली तर दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, उंच, आणि काहीच दिसलं नाही तर दस्ता खाली. एकीचा दस्ता इतका लांब की काखेत गाऊनमध्येच अडकला. ती सरांनी लगेच बाजूला ठेवली. हलकी मागितली तर म्हणाले, हलकी धक्का जास्त मारते, दुसऱ्यांदा उचलायची हिंमत होत नाही. खटॅकवाली मी स्वतः दाखवायला सांगितली, भाऊजींचा मान राखायला. सरांनी ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "हिच्यात काडतूस आहे की नाही?" मी बघितलं, फिरवून बघितलं, मला सांगता येईना. "बघा. शिकलेल्यालाच कळतं हिच्या पोटात काय आहे ते. तुम्ही शिकाल. पण उद्या आईंनी उचलली तर?"

शेवटी आम्ही वापरलेली, बारा बोरची दुनळी पसंत केली. बारा बोर हे नळीचं माप, ते अशासाठी की तिची काडतुसं आपल्याकडे कुठेही मिळतात. नळ्या सुट्या करून सरांनी त्या एका बोटावर लटकवल्या आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारली. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसंच. छान लांबलचक नाद आला. दुकानदार पण जरा खूश झाला. मग त्यांनी नळ्या जोडल्या आणि बंदूक मोडली. दुनळी मधोमध दुमडते, त्याला मोडणं म्हणतात. मोडलेली दुनळी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून सुद्धा सगळ्यांना दिसते की रिकामी आहे. त्यांनी ती दाराकडे धरून मला मागून नळ्यांत बघायला लावलं. दोन गोल, स्वच्छ, चांदीसारखा उजेड आणि त्यापलीकडे रस्त्यावरची माणसं. "उजेड दिसला?" "दिसला." "हातात घेतली की आधी मोडायची आणि हे बघायचं. आता बघितलेली असली तरी परत बघायची. मी दिली तरी बघायची. देवाने दिली तरी बघायची." त्या दिवसापासून तो आमचा प्रश्नोत्तराचा कार्यक्रमच होऊन बसला. सराव करायला ते मला घेऊन जायचे, तिथे प्रत्येक वेळी विचारायचे. फोनवर मी म्हटलं की आज बंदूक पुसली, तर पलीकडून आधी हाच प्रश्न. सासूबाई वैतागायच्या. "मेल्याला दुसरं काय इचारायला नाय का?"

दसऱ्याला मात्र त्या प्रश्नाने माझा जीव वाचवला. आमच्याकडे शस्त्रपूजेत कोयते, विळे, कुदळी असतात, त्यात त्या वर्षी बंदूक आली. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली. मी आपलं नमस्कार करून बंदूक कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दोनेक दिवसांनी दिवेलागणीला रानडुकरं आली आणि आंब्याच्या कलमांत घुसली. वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर उखडली जात होती. डुकरांना इजा करायची नाही, नुसता बार काढून हुसकायची, हे सरांनी बजावलेलं होतं. मी धावत बंदूक काढली, काडतूस मुठीत, डुकरं समोर, कुत्रे नुसते भुंकतायत. मोडली आणि सवयीने, केवळ सवयीने, दिव्याकडे धरली. उजेड नाही. दोन्ही नळ्या काळ्या. मला वाटलं घाईत मीच नीट बघत नाहीये. परत बघितलं. नाहीच. मग पुढून बोट घातलं तर ओलसर काहीतरी लागलं. झेंडू! सासूबाईंनी पूजेत दोन्ही नळ्यांच्या तोंडांत एकेक झेंडू छान दाबून बसवला होता. देवाला जसं फूल वाहायचं तसं. डुकरं कलमं उपटून निघून गेली आणि मी दारात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सर आले. झालेलं ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नळी फुगली असती, फाटली असती. कुठे फाटेल ते सांगता येत नाही, वहिनी..." सासूबाई हार मानणाऱ्या नव्हेत. "मंग देवाला फूल नको व्हाऊ?" सर बौद्ध, त्यांच्या घरात शस्त्रपूजा नाही, देवाची फुलं नाहीत. दुसरा कोणी असता तर तेव्हा चार शब्द सुनावून गेला असता. सरांनी आतून सुई-दोरा मागवला, कुंडीतला एक झेंडू तोडला आणि दस्त्याला दोरा गुंडाळून तो बांधून दाखवला. "वाहा ना आई. पण इथे. तोंडात नाही." मग मला म्हणाले, "अनोळखी वस्तूला माणूस आपोआप जपतो. ओळखीची झाली की बघायचं राहून जातं. तिथे घात होतो." मी मान डोलावली. तेव्हा ते वाक्य मला बंदुकीबद्दलचं वाटलं होतं.

ते निघायचे कसे, तेही सांगते. सरांचं निघणं हा स्वतंत्र कार्यक्रम असे. "जयभीम वहिनी, जयभीम आई, येतो" म्हणायचे आणि मग दारात अर्धा तास उभे. एका पायात बूट, दुसरा हातात. त्यांच्या सगळ्या चांगल्या गोष्टी मी अशा एका बुटावरच ऐकल्या. सासूबाई ओरडायच्या, "आरं बस तरी, नायतर जा तरी!" आणि शेवटी निघाले की उलटे निघायचे. आमच्याकडे तोंड करून, बोलत बोलत, ओट्याच्या पायऱ्या मागच्या मागे उतरायचे. "सर, पायरी!" मी दर वेळी ओरडायचे. "पाठ आहेत, वहिनी." एकदा मी रागावून विचारलंच, एवढे बघून बघून पाऊल टाकणारे तुम्ही, हे काय? तर हसले. "माणसाला पाठ दाखवून निघायला जमत नाही मला. तोडून निघाल्यासारखं वाटतं."

मी शोकसभेला गेले तेव्हा सरांचे ते डोंबिवलीचे मित्र भेटले. त्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. सांगितल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नसावा. सर त्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं जात होते. त्या दिवशी दुपारी जेवले, गप्पा झाल्या, येतो म्हणाले. बोलता बोलता मागे हात नेऊन लिफ्टचं बाहेरचं दार ओढलं. दार उघडलं. लिफ्ट मजल्यावर नसेल तर ते दार उघडता कामा नये, पण त्याचं लॉक कधीचं खराब झालेलं होतं आणि दुरुस्त करू, करू म्हणत सगळे तेच दार वापरत होते. सरांचा चेहरा मित्राकडे होता. कुठलीतरी शाळेतली गंमत सांगत होते, ती अर्धी झालेली. आणि मागे पाऊल टाकलं... "माझ्याकडे बघून हसत होते हो," ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून बसले. मनात म्हणत होते, एक प्रश्न फक्त. कोणीतरी तो एक प्रश्न त्यांना विचारायला हवा होता. जन्मभर दुसऱ्यांना विचारत राहिले, आणि त्यांना विचारायला तिथे कोणी नव्हतं.

तिथून आल्यावर मी बंदुकीचं कपाट उघडलंच नाही. चोरांची भीती सरांनी घालवली होती, ती परत आली आणि एकटी आली नाही. विहिरीच्या काठाची, शिडीची, दाराच्या कडीची, सगळ्यांची भीती वाटायला लागली. रोज जिथून जाते तिथेच पाय अडखळायचा. ज्या माणसाने मला या घरात राहायला शिकवलं तो एवढा जपणारा असून असा जातो, मग आपण कशाच्या जोरावर राहायचं? नरेशभाऊजी येऊन बसले. या वेळी लिफ्टचं नाव त्यांनी काढलं नाही. नुसतं म्हणाले, "वहिनी, मग काय ठरवलंत?" मी आत जाऊन चहा टाकला.

परवा सकाळी सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंदूक कवा पुसनार हायस? पावसाची हवा हाय. गंज धरंल. तो सांगून गेलाय ना पुसत जा म्हनून." मी कुंडीतलं तण उपटत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "नरेशचा फोन आलेला. मी सांगितला त्याला, मना लिफ्ट नको." मला हसू आलं. मी उठले, कपाट उघडलं, बंदूक घेऊन त्यांच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. दस्त्याला अजून सरांनी बांधलेला दोरा होता. झेंडू सुकून गळून गेलेला. मी बंदूक मोडली आणि नळ्या आभाळाकडे धरल्या.

"उजेर दिसला का गो?" सासूबाईंनी विचारलं.

एवढ्या दिवसांत त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले, नळीत काहीच दिसेना, सगळं पाणी पाणी. सवयीने हो म्हणून टाकलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. मी पदराने डोळे पुसले, नीट पुसले, आणि परत बघितलं. आधी डावी नळी, मग उजवी.

"दिसला, आई," मी म्हणाले.